सिकलसेलच्या अहवालातील अक्षरे आणि त्यांचे अर्थ

विदर्भातील अनेक घरांत महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत सिकलसेलच्या रक्ततपासणीचा एक अहवाल जपून ठेवलेला असतो आणि त्यावर ‘एएस’ किंवा ‘एसएस’ अशी दोन अक्षरे लिहिलेली असतात. मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आनुवंशिकतेचे प्रकरण सुरू झाले की वर्गातील कोणीतरी असा कागद घेऊन येते आणि आपल्याला नेमके काय झाले आहे, असे विचारते. या दोन अक्षरांवरून लग्ने मोडलेली मी पाहिली आहेत, आणि ज्या मुलांवर वेळेत उपचार व्हायला हवे होते ती मुले ‘थोडा अशक्तपणा आहे’ एवढ्यावर थांबलेलीही पाहिली आहेत. म्हणून हा अहवाल कसा वाचावा, हे सविस्तर लिहीत आहे.

रक्तातील लाल पेशींमध्ये प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन असते. मोठ्या माणसाचे नेहमीचे हिमोग्लोबिन ते ‘ए’. त्यातील बीटा साखळी, म्हणजे या प्रथिनाचा एक भाग, 146 अमिनो आम्लांची असते आणि तिच्यातील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की त्याचे ‘एस’ होते. एवढ्या एका बदलामुळे प्राणवायू सोडल्यानंतर या हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब धागे तयार होतात, पेशी ताठर होते आणि विळ्यासारखी वाकते, म्हणून या आनुवंशिक आजाराला सिकलसेल म्हणतात. बीटा साखळीची दोन जनुके प्रत्येकाला मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. अहवालातील दोन अक्षरे म्हणजे ही दोन जनुके होत. दोन्ही नेहमीची असतील तर एए, एक बदललेले असेल तर एएस, आणि दोन्ही बदललेली असतील तर एसएस.

एएस व्यक्तीला वाहक म्हणतात आणि एसएस व्यक्तीला रुग्ण. मलेरियाचा डास रोगाचा वाहक असतो हे शाळेपासून कानावर पडलेले असल्यामुळे सिकलसेलचा वाहकही आजार पसरवत असावा, अशी समजूत अजूनही भेटते. हे जनुक केवळ आईवडिलांकडून अपत्याकडे जाते. एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने किंवा संसार केल्याने ते दुसऱ्याला लागत नाही. वाहक सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतो, नोकरी करतो, शेतात राबतो आणि त्याला या कारणासाठी औषध घ्यावे लागत नाही. उलट बालपणी मलेरियाच्या गंभीर रूपापासून त्याला काही प्रमाणात संरक्षण मिळते, आणि जिथे मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथे हे जनुक टिकून राहण्याचे कारणही हेच आहे. भारतात हा आजार 1952 मध्ये निलगिरीच्या परिसरात प्रथम नोंदला गेला, आणि मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाविषयी शुक्ला आणि सोलंकी या संशोधकांनी नागपुरातून केलेली नोंद 1958 मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्याकडे तो आदिवासींबरोबर इतर अनेक समाजांतही आढळतो. तरीही ‘आमच्यात असे काही नसते’ असे सांगून तपासणी टाळणारे लोक आहेत, आणि मला याची खरोखर चिंता वाटते.

आता तपासण्यांकडे वळू. गावातील शिबिरात किंवा शाळेत बहुधा सोल्युबिलिटी चाचणी होते. रसायनात रक्ताचा थेंब टाकल्यावर द्रावण गढूळ झाले तर ‘एस’ आहे एवढेच तिच्यावरून कळते; ते एका जनुकाचे की दोन्हींचे, हे ही चाचणी सांगू शकत नाही. म्हणून केवळ ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ एवढेच लिहिलेला कागद अपुरा समजावा. पुढची पायरी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणे. याच तंत्राने अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये हा रेणूतील दोषाचा आजार असल्याचे दाखवले. एचपीएलसी ही तपासणी आणखी नेमकी असते, कारण ती प्रत्येक प्रकाराचे प्रमाण टक्क्यांत देते.

ते टक्के मात्र लक्षपूर्वक वाचले पाहिजेत. वाहकाच्या रक्तात ‘ए’चे प्रमाण ‘एस’पेक्षा नेहमी जास्त असते, ‘एस’ साधारणतः 30 ते 40 टक्के भरते. अहवालात दोन्ही दिसत असूनही ‘एस’ जास्त आणि ‘ए’ कमी असेल, तर ती व्यक्ती वाहक आहे असे समजून गप्प बसू नये. अशा व्यक्तीत एक जनुक सिकलसेलचे आणि दुसरे थॅलेसेमियाचे (हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचे) असण्याची शक्यता असते, आणि तिला उपचारांची गरज असते. शिवाय नुकतेच रक्त चढवलेले असेल तर दात्याचे ‘ए’ मिसळून एसएस रुग्णाचा अहवालही एएससारखा दिसू शकतो. त्यामुळे रक्त कधी चढवले होते, हे प्रयोगशाळेला आवर्जून सांगावे.

अहवालातील ‘एफ’ म्हणजे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन. जन्मानंतर पहिले काही महिने ते भरपूर असते, म्हणूनच एसएस बाळ सुरुवातीला ठणठणीत दिसते आणि त्या वयात सोल्युबिलिटी चाचणीही फसवू शकते. पुढे ते कमी झाले की हातापायांची बोटे सुजणे, वारंवार ताप, डोळे पिवळे होणे असे त्रास सुरू होतात. ‘एफ’ जितके अधिक, तितके धागे कमी बनतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुख्यतः ‘एफ’ वाढवूनच काम करते.

हिमोग्लोबिन कमी दिसले की लोहाच्या गोळ्या सुरू करण्याची आपल्याकडे सवय आहे. सिकलसेलमधील रक्तक्षय वेगळा असतो. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची पेशी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्यांच्या शरीरात लोह आधीच साचत असते, म्हणून लोहाची कमतरता तपासल्याशिवाय गोळ्या घेणे योग्य नाही. नव्या पेशी घडवण्यासाठी फॉलिक अ‍ॅसिड मात्र डॉक्टर देतात.

‘क्रायसिस’ हा शब्द रुग्णांच्या घरी सर्वांना ठाऊक असतो. ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, पाठ किंवा छातीत असह्य वेदना उठतात. नागपूरचा मे महिना या दृष्टीने फार कठीण आहे, कारण शरीरातील पाणी कमी झाले की पेशी वाकण्याचे प्रमाण वाढते. डिसेंबरच्या थंडीतही त्रास होतो. एसएस मुलाला शाळेत पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी आणि लघवीला जाण्यापासून अडवू नये, एवढी अपेक्षा मी प्रत्येक शिक्षकाकडून करते. अशा मुलाला ताप आला, छातीत दुखू लागले किंवा पोट अचानक फुगून ते निस्तेज पडले, तर त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे.

लग्नाच्या संदर्भात गणित सोपे आहे. एका जोडीदाराचा अहवाल एए असेल, तर एएस असलेल्या दुसऱ्याशी लग्न केल्याने सिकलसेलचे रुग्ण अपत्य होत नाही. दोघेही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता 25 टक्के असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तिन्ही सुरक्षित, असा हिशेब चुकीचा आहे. मात्र एए हे उत्तर केवळ सोल्युबिलिटीच्या आधारे लिहिलेले असेल, तर थॅलेसेमियाची तपासणीही करून घ्यावी. दोघेही वाहक असल्याचे लग्नानंतर कळले, तरी गरोदरपणाच्या साधारण 10 ते 12 आठवड्यांत वारेच्या ऊतीचा सूक्ष्म नमुना घेऊन गर्भाची जनुकीय तपासणी करता येते. त्यासाठी पतीपत्नी दोघांचे एचपीएलसी अहवाल गर्भधारणेपूर्वी, किंवा निदान डॉक्टरांच्या पहिल्याच भेटीत, हाती असणे आवश्यक आहे.