मिरजेची सतारमेकर गल्ली, आणि तिथल्या लोकांना काय वाटतं

मिरजेला सतारमेकर गल्लीत, म्हणजे सतार-तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत, जायचं खूप दिवस मनात होतं. शेवटी गेले आणि अख्खी दुपार तिथंच गेली, बाकी मिरज बघायचंच राहिलं.

दुकानात शिरलं की आधी दिसतात ते भोपळे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं, भीमाकाठावरनं येतात, चांगले वाळवायचे, मग कापून भिजवून आत काठ्यांचा टेकू देऊन तोंड रुंद करायचं, तेव्हा कुठं तंबोऱ्याचा आकार येतो. पण मला खरं वेड लावलं ते जवारीनं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून तारेत झणकार आणायच्या कामानं. दुकानातले कारागीर चाचा घोडीवर कानस फिरवत होते, दोनचार हात मारले की तार वर चढवायची, छेडायची, कान लावून ऐकायचं, नाही पटलं की तार सैल करून परत घासायचं. मी विचारलं, कळतं कसं हो? "ऐकून ऐकून कळतंय, दुसरं काय!" कुणाला खुली, म्हणजे जास्त झणकाराची जवारी हवी असते, कुणाला बंद, म्हणजे कमी झणकाराची, गाणाऱ्याचा आवाज बघून ठरतं.

या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांचं काम कमी झालं तसं 19व्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला घेतली, पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, आणि पुढं अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेत राहिल्यामुळं कान असलेलं गिऱ्हाईक दारातच होतं.

2024 ला मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला (म्हणजे तंबोऱ्याला) जीआय टॅग, म्हणजे त्या-त्या गावच्या खास मालाची सरकारी नोंद, मिळाला. त्याबद्दल विचारलं तर चाचा म्हणाले, "चांगलंच झालं की, आता दुसरीकडचा माल मिरजेचा म्हणून खपवता येणार नाही. पण हात कोण तयार करणार? पोरगं वर्षानुवर्षं बसतंय तेव्हा जवारी येती, तोवर घर कशावर चालवायचं त्यानं?" शेजारच्या दुकानातल्या तरुण पोराला मात्र टुरिस्ट हवेत, तो म्हणतो मीरासाहेब दर्गा, खाँसाहेबांची समाधी आणि आमची गल्ली असा एक वॉक करा, लोक येतील, ऑर्डरी वाढतील. आणि त्याचीच आई म्हणाली, येतात ओ, न विचारता व्हिडिओ काढतात, काम थांबवून माहिती सांगायला लावतात, तासाभरानं थँक्यू म्हणून जातात.

मला तिघांचंही पटलं, पण आईंचं सगळ्यात जास्त. वॉक व्हायलाच पाहिजे, फक्त कारागिराच्या वेळेचे पैसे तिकिटातच धरायला हवेत आणि ते त्याच्याच हातात पडायला हवेत, नाहीतर गल्ली फोटोपुरती उरेल. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप फुकट मिळतं, त्यामुळं रियाजाला खरा तंबोरा घेणारे आधीच कमी झालेत, त्यात कामाचे तास पण गेले तर कसं व्हायचं.

जाणार असाल तर फोटोआधी विचारा. घरात जुना तंबोरा पडून असेल तर तो घेऊन जा, दुरुस्ती आणि जवारी तिथंच करून मिळते, मी आजोबांचा न्यायचं ठरवलंय.