जनरेटर टेस्ट: टेम्प्लेट बदललं, निंजा म्हणतो काम नाही

मंडळी, आपलं बिल्ड टूल निंजासाठी (फक्त बदललेल्या फाइल परत बनवणारा प्रोग्रॅम) बिल्ड डॉट निंजा ही बिल्ड फाइल लिहितं. मागच्या अपडेटमधला जनरेटेड हेडरचा घोळ, म्हणजे जनरेटर स्क्रिप्टने हेडर फाइल बनवायच्या आधीच ती वापरणारी फाइल कंपाइल होणं, मिटला. फिक्स एका ओळीचा होता, ऑर्डर-ओन्ली डिपेन्डन्सी ('हे आधी बनव' एवढंच सांगणारी), पण त्याची टेस्ट कुठे टाकायची यावर अडलो होतो. टाकलीच नाही शेवटी! निंजा १.११ पासून 'मिसिंगडेप्स' नावाचं टूल येतं, जनरेट होणारी फाइल वापरतोय पण जनरेटरवर डिपेन्डन्सीच नाही असं टार्गेट ते पकडतं. ते सरळ टेस्ट चालवणाऱ्या रनरमध्ये लावलं, प्रत्येक प्रोजेक्ट टेस्टचा (छोटा सॅम्पल प्रोजेक्ट बनवून बघणारी टेस्ट) बिल्ड झाला की चालतं. नवीन फोल्डर शून्य, आणि लगेच क्यूटी लायब्ररीवाल्या जुन्या सॅम्पलमधे एक लपलेला बग सापडला, मजा आली. फक्त उबुंटू २२.०४ च्या रेपोतलं निंजा १.१० आहे त्यामुळे तिथे पिपवरून (पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर) घ्या.

आता खरी डोकेदुखी. जनरेटरची स्क्रिप्ट एक टेम्प्लेट वाचते, ते टेम्प्लेट बदललं तरी हेडर परत बनत नव्हतं. डेपफाइल (कुठल्या कुठल्या फाइल वाचल्या त्याची यादी) लिहायला लावली, झालं. पण टेस्ट? आपल्या प्रोजेक्ट टेस्ट मेसॉन या बिल्ड टूलच्या धर्तीवर आहेत, कॉन्फिगर, कंपाइल, टेस्ट, इन्स्टॉल, सगळं एकदाच, आणि हा बग दिसतो तो दुसऱ्या बिल्डला. युनिट टेस्टमधे बिल्ड डॉट निंजाचा मजकूर तपासता येतो, मिलिसेकंदात होते, पण त्यात मी जे लिहिलं तेच लिहिलंय एवढंच कळतं, निंजा त्याचं काय करतो ते नाही. असल्या टेस्टवर माझा विश्वास नाही. मेसॉनवालेही हे प्रकार युनिट टेस्टच्या बाजूलाच ठेवतात, पण त्या टेस्ट खरा बिल्ड करतात, फाइलला हात लावतात, परत बिल्ड करतात. म्हणून युनिट आणि प्रोजेक्ट टेस्टच्या जोडीला 'दुसरा-बिल्ड' असं तिसरं फोल्डर काढलं, पायटेस्टच्या (पायथनचं टेस्ट टूल) टीएमपी-पाथ या तात्पुरत्या फोल्डरमधे प्रोजेक्ट कॉपी करून.

माझ्याकडे हिरवं. मित्राच्या जुन्या मॅकवर कधी हिरवं कधी लाल. त्याची डिस्क एचएफएस प्लस या जुन्या फाइल सिस्टमची, तिथे फाइलची वेळ पूर्ण सेकंदातच नोंदली जाते, आणि आपला चिमुकला प्रोजेक्ट सेकंदाच्या आत बनून मोकळा, मग टेम्प्लेट आणि हेडर दोघांची वेळ सारखी, निंजा म्हणतो काम नाही. सोपा उपाय म्हणजे मधे एक सेकंद स्लीप. मला स्लीप घातलेल्या टेस्ट बघवत नाहीत, अशा पन्नास झाल्या की जवळपास मिनिट नुसतं झोपण्यात, आणि आधीच फुकटातले मॅक रनर (टेस्ट चालवायला मिळणारी मॅक मशीन) रांगेत ताटकळत ठेवतात.

मग वाटलं वेळच हातात घेऊ. टेम्प्लेटला यूटाइमने (फाइलची वेळ बदलणारं फंक्शन) पुढची वेळ दिली, तर इनपुट कायम आउटपुटपेक्षा नवं, दर वेळी रीबिल्ड, म्हणजे 'आता काही करायचं नाही' हे तपासताच येईना. उलटं केलं, सोर्स २००१ ला आणि आउटपुट २००२ ला ढकलले. सगळंच्या सगळं परत बनलं!! निंजाचा एक्सप्लेन (का बनवतोय ते सांगणारा मोड) लावून बघितलं तर कारण एसटीडीआयओ, सी भाषेचा सिस्टम हेडर. डेपफाइलमधे सिस्टम हेडरही येतात, ते २००२ पेक्षा नवे असणारच. कंपायलरच्या एमएमडी फ्लॅगने ते वगळता येतात पण टेस्टसाठी टूलचे फ्लॅग बदलणं पटत नाही. शेवटी सोर्स दोन तास मागे, आउटपुट एक तास मागे, मग टेम्प्लेट खरंच एडिट करायचं. मॅकवरही सलग हिरवं, स्लीप नाही. हा हेल्पर लिहून झाल्यावर चहा केला स्वतःसाठी, तेवढा हक्क होता.

आणि हे टाइप करतानाच सुचतंय, 'बिल्डनंतर लगेच परत बिल्ड केला तर काम नाही' हा चेक तर रनरमधेच बसतो, मिसिंगडेप्सच्या शेजारी, त्याला यूटाइमची भानगडही नाही. म्हणजे तिसऱ्या फोल्डरमधे फक्त ज्यात काहीतरी एडिट करावं लागतं अशाच टेस्ट राहतील, आज तिथे टाकलेल्यांपैकी अर्ध्या उद्या काढून टाकतो. इन्स्टॉल स्क्रिप्टवाल्या सॅम्पलमधे हा चेक नक्की फुटणार, तिथे एक टार्गेट मुद्दाम दर वेळी चालतं, त्याला सूट द्यायची सोय टेस्टच्या जेसन सेटिंग फाइलमधे करावी लागेल.

विंडोजवर एमएसव्हीसीने (मायक्रोसॉफ्टचा कंपायलर) कोणी हे चालवून लॉग टाकेल का? तिथे डेपफाइल नसते, कंपायलर छापतो त्या शो-इन्क्लूड्सच्या यादीवरून डेप्स (डिपेन्डन्सी) येतात, तेव्हा तास मागे ढकलायची युक्ती तिथेही टिकते का ते बघायचंय.