पावसात कोणीही बरं दिसतं

पहिला पाऊस पडला की माझा फोन वाजायला लागतो. म्हणजे एरवी वाजत नाही असं नाही, पण एरवी लोनवाले आणि ओटीपी, आणि पाऊस आला की माणसं. ज्याच्याशी "हाय, हाय, काय चाललंय, काही नाही तुझं?, सेम" एवढ्यावर गाडी अडकली होती तो अचानक "बाहेर बघितलंस का?" असा मेसेज टाकतो. अरे बाबा मलापण खिडकी आहे, दिसतंय. जो ब्लू टिक देऊन गुल झालेला तो कविता पाठवतो, फॉरवर्डेड असं वर लिहिलेलं असतानासुद्धा स्वतःची म्हणून. एकाने तर ढगांचा फोटो टाकून खाली "तुझी आठवण आली" लिहिलं होतं आणि ते ढग चांगले काळेकुट्ट, फुगलेले, आता फुटतील का मग फुटतील असे, म्हणजे हे कौतुक समजायचं का काय ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

तर मी सिंगल आहे, बरीच वर्षं आहे, त्यात रडण्यासारखं काही नाही आणि मिरवण्यासारखंही नाही. अधूनमधून डेटवर जाते, कधी मजा येते, कधी रिक्षात बसल्या बसल्या ग्रुपवर व्हॉइस नोट टाकण्याइतपत मसाला मिळतो. पण इतक्या वर्षांच्या निरीक्षणातून माझं एक ठाम मत झालंय की डेटिंगमध्ये माणसापेक्षा हवामानाचा हात जास्त असतो. कोण कधी आवडतं, कोण कधी गायब होतं, कोण परत कधी उगवतं, हे सगळं कॅलेंडरवर मांडलं तर पंचांगासारखं छापता येईल.

आणि हे मी नुसती टवाळी म्हणून म्हणत नाहीये हां. १९७४ मध्ये डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात व्हँकूव्हरजवळ एक भारी उद्योग केला होता. तिथे कॅपिलानो नावाचा झुलता पूल आहे, खाली सत्तरेक मीटर दरी, पाऊल टाकलं की डुगडुगतो. तो ओलांडणाऱ्या पुरुषांना एक तरुणी थांबवायची, फॉर्म भरून घ्यायची आणि याबद्दल अजून काही माहिती हवी असेल तर फोन करा म्हणून नंबर द्यायची. तोच प्रकार एका ठेंगण्या भक्कम पुलावर पण केला. भक्कम पुलावर ज्या १६ जणांनी नंबर घेतला त्यातल्या २ जणांनी फोन केला आणि झुलत्या पुलावरच्या १८ पैकी ९ जणांनी. फॉर्म तोच, प्रश्न तेच, फक्त पूल वेगळा. भीतीने छाती धडधडत होती आणि बिचाऱ्यांना वाटलं हिच्यामुळेच धडधडतेय.

आता पावसाचं पण तेच होतं की. गार वारा सुटलेला असतो, अंगावर शहारे आलेले असतात, मातीचा वास सुटलेला असतो (हा वास मोठा भाग जिओस्मिन नावाच्या रसायनाचा, जमिनीतले बॅक्टेरिया ते बनवतात आणि हवेत नावापुरतं असलं तरी आपल्या नाकाला कळतं) आणि या सगळ्यात समोर जो कोणी उभा असेल तो आपल्याला आवडून जातो. मेहनत बॅक्टेरियाची, क्रेडिट त्याला.

छत्रीचं सांगते. एकाला भर पावसात भेटले होते, छत्री एकच, त्याची, मोठी काळी, लाकडी मुठीची. त्याने मोठ्या ऐटीत उघडली, म्हणाला ये आत. पहिली थोडी पावलं छत्री बरोबर मधोमध होती. मग तो बोलायला लागला आणि जसजसा बोलण्यात रंगत गेला तसतसा छत्रीचा दांडा त्याच्याकडे कलत गेला, आधी इंचभर, मग वीतभर, शेवटी माझ्या बाजूच्या काडीवरून जी धार लागली ती थेट माझ्या खांद्यावर, तिथून बाहीतून कोपरापर्यंत आणि कोपरावरून पर्समध्ये, आणि हा मला सांगतोय की तो स्वभावाने फार केअरिंग आहे, म्हणजे त्याच्या सगळ्या एक्स हेच म्हणायच्या. त्याचे दोन्ही खांदे ठणठणीत कोरडे. पण पाऊस होता, रस्ता रिकामा होता, दिवे लागले होते, त्यामुळे घरी येऊन मी मैत्रिणीला फोनवर म्हणाले की बरा वाटला गं. तिने एकच विचारलं, "छत्री कोणाकडे होती?" मी म्हणाले त्याच्याकडे. "आणि भिजलं कोण?" पुढे बोलण्यासारखं काही उरलंच नाही.

थंडीतली गोष्ट वेगळी. थंडीत रोमान्स कमी आणि गरज जास्त. परदेशात तर याला कफिंग सीझन असं नावच पडलंय, दिवस लहान व्हायला लागले की लोकांना एकटं राहवत नाही आणि उन्हं वाढली की परत मोकळं व्हावंसं वाटतं. थंडी वाजत असली की माणसाला रोमँटिक सिनेमे जास्त बघावेसे वाटतात असा एक अभ्यासही २०१२ मध्ये आला होता, वाचून मला अजिबात नवल वाटलं नाही. पावसाळ्यातला माणूस कविता पाठवतो, हिवाळ्यातला थेट "आपण कुठे चाललोय" विचारतो, तेही दुसऱ्या भेटीत. अरे अजून मला तुझं आडनाव नीट लिहिता येत नाही. आणि बरोबर ज्या आठवड्यात स्वेटर कपाटात जातात त्या आठवड्यात त्याला स्पेस हवी असते. गरज सरो वैद्य मरो, आणि आपण वैद्य.

यावरून आठवलं, ॲपवर ते अंतर दाखवतात ना, "२ किलोमीटरवर", आणि आपल्याला उगाच वाटतं की वा जवळच आहे, जमेल. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, साधारण १४.७ कोटी किलोमीटर, आणि जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात लांब, १५.२ कोटी. म्हणजे आपण उत्तर गोलार्धातले लोक सूर्याच्या सगळ्यात जवळ असताना कुडकुडत असतो. ऋतू होतात ते अंतरामुळे नाही, पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललाय म्हणून. हे मी एका २ किलोमीटरवाल्याला सांगितलं होतं, जो आठ दिवस रिप्लाय द्यायचा नाही आणि मग "बिझी होतो गं" म्हणायचा. त्याने अंगठा पाठवला.

राहिला उन्हाळा. उन्हाळ्यात कोणी कोणाला डेट करत नाही. ॲपवर शुकशुकाट, जे आहेत ते पण "खूप गरम होतंय यार" च्या पुढे जात नाहीत. आणि माझ्या मते हाच खरा ऋतू आहे माणूस बघायचा. घामाने कपाळाला केस चिकटलेत, लाईट गेलीये, झोप अर्धवट झालीये, फोनची बॅटरी बारा टक्के, पार्किंग मिळत नाहीये, अशा वेळी हा माणूस वॉचमनशी कसा बोलतो ते बघा. पावसात कोणीही बरं दिसतं, दगडपण बरा दिसतो, चकाकतो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता जो बरा वाटेल तो बरा.

आता अडचण अशी की मे महिन्यात दुपारी दोन वाजता माझ्यासोबत नेहमी मित्रमैत्रिणीच असतात. आमचा ठरलेला उन्हाळी कार्यक्रम म्हणजे ज्याच्या घरातली फरशी गार त्याच्याकडे जमायचं आणि सगळ्यांनी जमिनीवर आडवं पडायचं. उशी नाही, चटई नाही, गाल फरशीला लावून. एक जागा तापली की कुशीवर वळून दुसरी गार फरशी शोधायची, त्यावरून भांडणं होतात, "ती माझी लादी आहे, सरक." कोणी पाय भिंतीला लावून छताकडे बघत पडलेलं असतं, मध्येच कोणीतरी म्हणतं, "पालींना घाम येतो का रे?" आणि पंधरा मिनिटं कोणी उत्तर देत नाही आणि मग कोणीतरी गंभीरपणे "नसावा" म्हणतं. बास. अख्खी दुपार. यातला एक तास जरी डेटवर असा गेला ना तर दोघंही घरी जाऊन एकमेकांना अनमॅच करतील.

पण मैत्री बहुतेक याच तासांनी बनत असावी. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये याचा हिशोब मांडला होता, ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास, बऱ्यापैकी मित्र व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आणि ऑफिसात शेजारी बसून काढलेले तास त्यात फारसे उपयोगाचे नाहीत, नुसतं टाइमपास करत काढलेले तास लागतात. २०० तास! आणि डेटवर आपण काय करतो तर कॅफेत दीड तास बसून ठरवतो की या माणसात स्पार्क आहे का नाही. ॲपवर तर तेवढंही नाही, अंगठा डावीकडे का उजवीकडे, दोन सेकंद. या हिशोबाने माझी जिवलग मैत्रीण मी पहिल्या दिवशीच डावीकडे सरकवली असती, कारण ती शाळेत भेटली तेव्हा माझ्या कंपासमधला कोनमापक घेऊन गेली होती आणि नाकावर टिच्चून नाही म्हणाली होती.

या मैत्रिणींचे पण ऋतू असतात, ते वेगळंच दुखणं. एखादी प्रेमात पडली की ग्रुपवरून अशी नाहीशी होते की पोलिसात तक्रार द्यावी. आधी "बघते", मग "नेक्स्ट टाइम नक्की", मग नुसते हार्ट. रॉबिन डनबार, ते माणसाला साधारण १५० लोकांशीच नातं टिकवता येतं म्हणणारे, त्यांचंच म्हणणं आहे की माणूस प्रेमात पडला की जवळच्यांपैकी दोन जण बाजूला पडतात. अगदी जवळची माणसं असतातच पाचेक. म्हणजे पाचातले दोन गेले, नवीन एक आला, हा कसला सौदा. मी स्वतः कितीतरी वेळा त्या दोनात होते, त्यामुळे मला याचा अंदाज पक्का आलाय, नव्याचे नऊ दिवस संपले की आधी एक मीम येतो, मग "काय करतेयस?" आणि मग रविवारी दुपारी बाई उशी घेऊन दारात हजर. आम्ही काही विचारत नाही, सरकून फरशी देतो. टोमणे मारतो अर्थात, ते फुकट थोडीच सोडणार.

आमच्यातली एक गणितवाली आहे. तिचं म्हणणं मी हे सगळं ऋतूंवर न सोडता पद्धतशीर करावं. गणितात म्हणे असा एक प्रश्न आहे, १९६० मध्ये मार्टिन गार्डनर यांनी मासिकातल्या सदरात मांडल्यावर तो गाजला, की उमेदवार एकेक करून येताहेत, नाही म्हटलं की तो परत मिळत नाही, तर सगळ्यात चांगला कसा पकडायचा. उत्तर असं की पहिले ३७ टक्के नुसते बघून सोडून द्यायचे आणि त्यानंतर त्या सगळ्यांपेक्षा सरस जो पहिला येईल त्याला हो म्हणायचं. मी म्हणाले वा, आणि असं केल्यावर सगळ्यात चांगला मिळायची शक्यता किती? म्हणाली ३७ टक्के. म्हणजे एवढं सगळं करून पुन्हा नापासच! वर एकूण किती येणार आहेत ते आधी माहीत पाहिजे, ते मला कोण सांगणार. आणि गणितात सोडलेला परत येत नाही, इथे पाऊस पडला की सगळे परत येतात, त्याचं काय करायचं यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं.

त्यामुळे मी माझी पद्धत काढलीये. पावसाळ्यात भेटलेल्याला पावसाळ्यात उत्तर द्यायचं नाही. भेटायचं, फिरायचं, छत्री आपली आपण न्यायची. थंडीत कोणी भविष्य विचारलं तर "उन्हाळ्यात बोलू" म्हणायचं. यात बरेच जण आपोआप गळतात, कोणाला दुखवावं पण लागत नाही. मैत्रिणींचं म्हणणं असं की अशाने मी म्हातारी होईन. होईन की, सगळेच होणारेत, जोडीने काय वय थांबतं का.

सध्या एक आहे. बरा बोलतो, रिप्लाय वेळेवर देतो, त्याच्या मेसेजमध्ये ऱ्हस्वदीर्घ बरोबर असतात जे मला लग्नाच्या मागणीपेक्षा जास्त भावतं. परवा म्हणाला भेटूया का, संध्याकाळी, छान हवा असते. मी म्हणाले दुपारी दोनला भेटू. तिकडून बराच वेळ टायपिंग, टायपिंग, थांबलं, परत टायपिंग, आणि मग आलं, "चालेल, पण मला घाम फार येतो आणि भूक लागली की मी चिडतो, आधीच सांगून ठेवतो." मी स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. चार मिनिटांत सतरा मेसेज. गणितवालीने विचारलं हा ३७ टक्क्यांच्या आधीचा का नंतरचा, कोनमापकवालीने विचारलं याच्या घरची फरशी कशी आहे.