कॅरमच्या स्ट्रायकरवरून काढलेला घर्षण गुणांक

गतिज घर्षण गुणांक, म्हणजे सरकत्या वस्तूवरचं घर्षण तिच्या वजनाच्या किती पट आहे तो आकडा, काढायचा म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो लाकडी ठोकळा आणि ताणकाटा. ठोकळा एकसमान वेगाने ओढायचा, काट्यावरचं बल वाचायचं आणि ठोकळ्याच्या वजनाने भागायचं. पण हाताने एकसमान वेग राखणं फार अवघड. काटा सारखा थरथरतो आणि त्यातला कुठला आकडा धरायचा ते ठरत नाही. म्हणून अकरावीच्या प्रोजेक्टला मी घरचा कॅरम घेतला.

स्ट्रायकर बोटापासून सुटला की त्याला थांबवणारं बल एकच, घर्षण. हे बल म्हणजे गुणांक गुणिले वजन, आणि वजनात वस्तुमान असतंच. त्यामुळे त्वरण काढताना वस्तुमान दोन्ही बाजूंनी उडतं. उरतं ते इतकंच: गुणांक गुणिले 9.8 (गुरुत्व त्वरण) म्हणजे स्ट्रायकरचं मंदन, वेग कमी होण्याचा दर. ना ताणकाटा लागत, ना तराजू. थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट करा, त्याला 9.8 आणि वेळेचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागा, झालं.

बोर्डाच्या कडेला मेजरटेप चिकटवली, मोबाइल बरोबर वर आडवा बांधला आणि स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं. टिचकी हलकी हवी, नाहीतर स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटतो. स्ट्रायकरवर पेनाने एक रेघ मारली होती. ती रेघ फिरताना दिसली की तो व्हिडिओ बाद, कारण गरगरणाऱ्या स्ट्रायकरवर घर्षण पूर्णपणे त्याच्या वाटेच्या उलट लागत नाही आणि गुणांक कमी दिसतो.

खरी अडचण शेवटी येते. थांबता थांबता स्ट्रायकर इतका हळू सरकतो की नेमका कुठल्या फ्रेमला थांबला, हे सांगता येत नाही. 52 सेंटिमीटर अंतराला वेळ 0.94 सेकंद धरली तर गुणांक 0.12 येतो, 1.04 धरली तर 0.098. वेळेचा वर्ग होतो ना! यातून सुटका आलेखाने झाली. प्रत्येक फ्रेममध्ये थांबण्याच्या जागेपर्यंत किती अंतर उरलंय ते मीटरमध्ये मोजायचं, त्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि वेळेसमोर मांडायचं. बिंदू सरळ रेषेत येतात. ती रेषा बघताना मला फार आनंद झाला, कारण घर्षण खरोखर वेगावर फारसं अवलंबून नाही हे तिच्यातच दिसत होतं. रेषेचा चढ, उणे चिन्ह सोडून, 0.72 आला. त्याच्या वर्गाची दुप्पट म्हणजे मंदन 1.04, आणि गुणांक 0.11.

बोर्डाची पातळी मात्र कसून बघा. एक अंशाचा उतारही उत्तरात जवळपास 0.02 चा फरक पाडतो, आणि 0.11 पुढे तो लहान नाही. पाणसळ लावूनही मी दोन्ही दिशांनी टिचक्या मारल्या आणि सरासरी घेतली, म्हणजे उताराचा परिणाम कटतो.

हा 0.11 बोरिक पावडर टाकलेल्या बोर्डाचा. पावडर पुसून मोजलं तर 0.2 च्या आसपास येतो. एका स्ट्रायकरवर दुसरा चिकटवला, तरी आकडा तोच. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, “हा गुणांक स्ट्रायकरचा की बोर्डाचा?” मी म्हटलं, “सर, दोघांचा मिळून, आणि पावडरीचाही.” वहीत त्या आकड्यापुढे त्यांनी तेवढंच लिहून घ्यायला लावलं.