तीन पत्ती येते, मग पोकरमध्ये गोची कुठे होते?

पोळ्याच्या दिवसांत नागपुरात जिथे पत्ते पिसले जातात, तिथे डाव बहुधा तीन पत्तीचा असतो. तो येणाऱ्याला पेअर (दोन सारखे), कलर (सगळे पत्ते एकाच रंगाचे, म्हणजे सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक), सिक्वेन्स (ओळीने येणारे पत्ते) शिकवावे लागत नाहीत. पोकरमध्ये त्याची गोची होते ती क्रमात.

तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो. पोकरमध्ये उलटं: कलर, म्हणजे फ्लश, हा सिक्वेन्सपेक्षा, म्हणजे स्ट्रेटपेक्षा मोठा. यामागे सरळ हिशेब आहे. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच पत्त्यांचे २५,९८,९६० हात होतात. त्यात स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश फक्त ५,१०८. जे कमी वेळा लागतं ते मोठं. (तीन पत्ती स्वतः हे पुरतं पाळत नाही. प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाचा सिक्वेन्स, ४८ आणि ट्रेल, म्हणजे तीन सारखे, ५२, तरी वर ट्रेलच!)

पोकरचा क्रम खालून वर असा: हाय कार्ड (काहीच जुळलं नाही, फक्त मोठा पत्ता), एक पेअर, दोन पेअर, तीन सारखे, स्ट्रेट, फ्लश, फुल हाउस (तीन सारखे आणि एक पेअर), चार सारखे, स्ट्रेट फ्लश (एकाच रंगाचा स्ट्रेट). दहा ते एक्का एकाच रंगात आले की रॉयल फ्लश. तो म्हणजे सगळ्यात वरचा स्ट्रेट फ्लश, दुसरं काही नाही. चार पत्ते एका रंगाचे असले तर त्याची किंमत शून्य.

एक्का-दुर्री-तिर्रीची सवयही सोडावी लागते. तीन पत्तीत तो एक्का-राजा-राणीच्या खालोखाल धरतात, काही घरांत त्याच्याही वर. पोकरमध्ये एक्का ते पंजा हा सगळ्यात लहान स्ट्रेट. आणि राणी-राजा-एक्का-दुर्री-तिर्री हा स्ट्रेटच नाही.

टेक्सस होल्डेम या पोकरच्या प्रकारात हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे सामाईक पाच. या सातातले सर्वांत चांगले पाच धरायचे. नवखा इथेच फसतो. समजा टेबलावर बदाम राजा, किलवर राजा, चौकट नव्वी, इस्पिक नव्वी आणि बदाम राणी आहे. एकाकडे अठ्ठ्यांची पेअर, दुसऱ्याकडे एक्का आणि तिर्री, दोघांतही फ्लश होत नाही. पहिल्याला वाटतं, आपल्या तीन पेअर झाल्या. पण हात पाचच पत्त्यांचा: दोन राजे, दोन नव्व्या आणि पाचवी राणी. अठ्ठे बाहेर. दुसऱ्याचा पाचवा पत्ता एक्का, म्हणून डाव त्याचा. या पाचव्या पत्त्याला किकर म्हणतात. तिसऱ्याकडे गुलाम-सत्ती असती तर त्याचा हात अठ्ठेवाल्याइतकाच ठरला असता, कारण दोघांनाही राणीच वापरावी लागते.

दोघांचे पाचही पत्ते सारखे निघाले तर पॉट, म्हणजे डावात जमलेली रक्कम, निम्मा-निम्मा. इस्पिक मोठं की बदाम, हा वाद इथे नाही. फुल हाउसमध्ये आधी तीन सारखे बघायचे, मग पेअर: तीन सत्त्या आणि दोन दुर्र्या या तीन छक्के आणि दोन एक्क्यांना मारतात.

शिकताना तुरीचे दाणे लावा. पैसे लावले की १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याची भानगड मागे लागू शकते.

आणि शो झाला की पत्ते नुसते तोंडाने सांगू नका, दोन्ही उघडे टेबलावर ठेवा. ‘पेअरच आहे’ म्हणून पालथे फेकलेले पत्ते बाद धरतात, मग त्यात न दिसलेला स्ट्रेट का असेना.