पीसीएम टेप डिकोडर: फील्डच्या सांध्याचं कोडं सुटलं

पीसीएम टेप म्हणजे व्हिडिओ टेपवर काळ्या-पांढऱ्या चित्राच्या रूपात साठवलेला डिजिटल आवाज; तो परत मिळवणारा डिकोडर मी लिहितोय. एकेका ओळीतले बिट वाचता येऊ लागले होते, तरी आवाज करवत चालवल्यासारखाच येत होता. काल रात्री तो गुंता सुटला.

टेप एनटीएससी (अमेरिका-जपानकडची टीव्ही पद्धत), १४ बिटांच्या एसटीसी-००७ या पीसीएम मांडणीतली. प्रत्येक ओळीत आधी १०१०, मग ८ वर्ड (आवाजाचे सहा नमुने आणि दुरुस्तीसाठीचे पी व क्यू) आणि १६ बिटांचा सीआरसी (ओळ बरोबर वाचली का ते तपासणारा आकडा), शेवटी पांढरी पट्टी. ७२० पिक्सेलच्या कॅप्चरमध्ये एका बिटाला साधारण ५.१ पिक्सेल मिळतात. टेप थरथरते, त्यामुळे बिटांच्या जागा ठरवून ठेवता येत नाहीत. दर ओळीला १०१० आणि पट्टीची कड शोधून मधलं अंतर वाटून घेतो. काळं-पांढरं ठरवायची पातळी मात्र १०१० वरूनच काढायची. पट्टी डेटापेक्षा उजळ असते, तिच्यावर विसंबलो तेव्हा निम्मे एक शून्य झाले.

एवढं केल्यावर जवळपास सगळ्या ओळींचा सीआरसी जुळला, आणि तिथेच मी फसलो. सीआरसी फक्त आपल्या ओळीपुरती ग्वाही देतो. एका ब्लॉकचे, म्हणजे एकत्र तपासायच्या गटाचे, आठ वर्ड १६-१६ ओळींच्या अंतराने पसरलेले असतात, त्यामुळे ओळींचा क्रम अचूक हवा. एका फील्डमध्ये (व्हिडिओ चौकटीच्या एकाआड एक ओळींचा अर्धा भाग) डेटाच्या ओळी २४५, ४८० ओळींच्या कॅप्चरमध्ये त्यातल्या येतात जास्तीत जास्त २४०. मी हरवलेल्या ओळींची जागा न सोडता पुढचा फील्ड थेट चिकटवत होतो. जवळजवळ निम्मे ब्लॉक दोन फील्डमधला सांधा ओलांडतात, ते सगळे बिघडायचे.

आता सांध्यावर ० ते १६ रिकाम्या ओळी घालून बघतो. सांधा ओलांडणाऱ्या, पण सगळे वर्ड हाती असलेल्या ब्लॉकमध्ये सहा नमुने आणि पी यांचा एक्सऑर (बिटागणिक सम-विषम बेरीज) शून्य येतो का, तेवढं मोजायचं. माझ्या टेपला एका सांध्यावर ५ लागल्या, दुसऱ्यावर ६. फील्ड उलटे लावले तर कुठलाच आकडा जुळत नाही, हीही आयती तपासणी. हरवलेल्या ओळी १६ च्या आत असल्याने ब्लॉकमागे एकच वर्ड जातो आणि पी तो भरून काढतो.

पहिली चाचणी टेपच्या सुरुवातीवर घेतली होती. तिथे निव्वळ शांतता, सगळे नमुने शून्य. म्हणजे प्रत्येक आकडा बरोबर! अर्धी संध्याकाळ त्या आनंदात गेली. चाचणीला आवाज असलेला तुकडाच घ्या.

वेव्ह फाइलला सेकंदाला नमुने ४४१०० नव्हे, ४४०५६ लिहायचे.

टेप चुरगळली आहे तिथे १६ हून जास्त ओळी सलग गेल्यात. सध्या तिथे आवाज बंद ठेवलाय. क्यू वर्डला अजून हात लावलेला नाही, पुढची बैठक त्याचीच.