ग्रिलच्या शेडपासून न्हाणीच्या दांडीपर्यंत : आमची वाटचाल

‘सोलापुरात प्रथमच! ज्येष्ठांसाठी घरबसल्या सुरक्षा!’ असा फलक सात रस्त्याला लागला, तेव्हा आमच्या शेडमध्ये न्हाणीत आधाराला धरायच्या दांड्यांचं बफिंग, म्हणजे घासकाम, चालू होतं. प्रथमच म्हणे. त्याआधीची वर्षं आम्ही लोकांच्या भिंतींना भोकं पाडायची हौस भागवत होतो की काय? फलकवाल्यांचं नाव मी घेणार नाही. पण वाटचाल लिहायला बसलो म्हणजे त्यांचा विषय निघणारच.

आमचा मूळ धंदा ग्रिलचा. अक्कलकोट रोडला शेड, एक वेल्डिंग मशीन, एक कटर. खिडक्यांची ग्रिलं, जिन्याचे कठडे, लोखंडी गेट. म्हाताऱ्या माणसांच्या कामात आम्हांला आणलं बाळीवेशीतल्या एका निवृत्त गुरुजींनी. त्यांची मुलं पुण्याला, घरात हे एकटेच. न्हाणीत धरायला दांडी हवी म्हणाले. मी टेप काढला, तर म्हणाले, “मालक, ते राहू द्या. मी पाटावरून उठतो, माझा हात कुठं जातो ते आधी बघा की.” हात बाजूच्या भिंतीकडे गेलाच नाही. तो समोर गेला, नळाच्या तोटीकडे. गावातल्या निम्म्या न्हाण्यांतल्या तोट्या डुगडुगत का असतात, ते मला तिथं कळलं.

तेव्हापासून आमच्याकडे पद्धत पडली. आधी माणूस बसून-उठून दाखवणार, आम्ही खडूने खूण करणार, टेप शेवटी. पुस्तकात ३३ ते ३६ इंच उंची दिलेली असते, ती कमोडवर बसणाऱ्यासाठी ठीक आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत अजून बैठा संडास आणि अंघोळीला पाट. तिथं ते माप लावलं तर दांडी खांद्याच्याही वर जाते.

दुसरी देणगी आमच्या मिस्त्रींची. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. धंद्यात निम्मी भागी त्यांची, कागदावर नव्हती तरी. भिंतीवर बोटाचं पेर वाजवून सांगायचे, वीट, दगड की पोकळ. जुन्या पेठांमधल्या भिंती दगड-मातीच्या, हातभर जाड. दिसायला किल्ला, पण अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट, आवळला की आतली माती सरकते आणि बोल्ट नुसता फिरत बसतो. तिथं चाचा आरपार बोल्ट घालायचे, पलीकडून पोलादी प्लेट. पलीकडे शेजाऱ्याचं घर असलं तर भिंत सोडून द्यायची आणि दांडीचा पाय जमिनीतच रोवायचा. जुळे सोलापूरकडच्या नव्या फ्लॅटमध्ये वेगळंच दुखणं. भिंती सिपोरेक्सच्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या, पावासारख्या हलक्या. तिथं केमिकल अँकरच, म्हणजे भोकात रसायन भरून चिकटवलेला बोल्ट, लागतो, आणि तो पूर्ण सुकेपर्यंत दांडीला कुणी हात लावायचा नाही. काम झालं की चाचा स्वतः दांडीला लोंबकळायचे. त्यांचं वजन चांगलं नव्वदच्या पुढे. ते लोंबकळले, दांडी हलली नाही, की मग बिल.

पाइपबद्दल थोडं सांगतो, कारण फसवणूक इथंच होते. स्टेनलेस स्टीलचा ३०४ ग्रेडच घ्या. २०२ स्वस्त मिळतो, पण आपल्या बोअरच्या पाण्याने त्यावर लवकर डाग धरतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो; त्याला भुलू नका, २०२ लाही चुंबक धड चिकटत नाही. थेंब टाकून तपासायचं द्रावण मिळतं, त्यात २०२ निघाला की उठून चालू लागा. व्यास ३२ मिलिमीटर, म्हणजे मूठ पुरती वळते. भिंतीपासून अंतर दीड इंच. त्याहून जास्त ठेवलं तर घसरताना कोपर मध्ये अडकतं. आणि आरशासारखी चकचकीत दांडी नको. साबणाच्या हाताला ती मासळी होते.

मधली वर्षं बरी गेली. पोटापुरतं मिळालं, मुलीचं लग्न झालं.

मग २०२० आलं. लॉकडाऊनमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या घरात परक्याला कोण घेणार? ग्रिलचं कामही थंड. वर्षभर कसंबसं ओढलं. त्यानंतर एका संस्थेने मोठी ऑर्डर तोंडी पक्की केली, आमच्यासाठी ती जीवदान होती. मी पाइप उधारीवर उचलला. माल कापून, वाकवून तयार, आणि संस्थेने काम दिलं फलकवाल्यांना. बाहेरगावची कंपनी. त्यांच्याकडे मुलाच्या मोबाइलवर ॲप, आईच्या मनगटावर बटण आणि न्हाणीला व्हॅक्यूमचं हँडल, भोक न पाडता दोन मिनिटांत चिकटणारं. आमच्याकडे हॅमर ड्रिल आणि घरभर धूळ. कोण कुणाला निवडणार?

तेवढ्यावर थांबले नाहीत. आमच्याकडे शिकलेला पोरगा जास्त पगारावर फोडला. तो जाताना गिऱ्हाइकांची वही डोक्यात घेऊन गेला. आमच्या जुन्या घरांना फोन जायला लागले, ‘तुमच्या दांडीची फ्री तपासणी’. तपासायचं काय होतं त्यात? चाचा लोंबकळलेली दांडी ती! पाइपवाल्याने उधारी बंद केली, पाइप वाकवायचं मशीन विकलं, सौभाग्यवतींच्या पाटल्या बँकेत गेल्या. त्याच सुमारास फलकवाल्यांचा एका कार्यक्रमात सत्कार झाला, ज्येष्ठांच्या सेवेबद्दल. सोलापुरी चादर पांघरून काढलेला फोटो पेपरात आला. चादर तेवढी आपली होती.

गुरुजींना हे कुठून कळलं माहीत नाही. शेडवर आले. पैसे देऊ का, असं विचारलं नाही. म्हणाले, “उद्यापासून माझ्याबरोबर गल्लीत फिरायचं.” मग प्रत्येक घरात ते स्वतः पुढे. समोरच्याला बसवायचे, उठवायचे, ॲडव्हान्स मागायचे आणि पावती स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहायचे. अट मात्र एक. दांडी ज्याच्या घरी बसेल, त्याच्या घराची जादा चावी शेजारी राहील, आणि शेजाऱ्याची त्याच्याकडे. सकाळी आठपर्यंत दारावरची दुधाची पिशवी आत गेली नाही, तर हाक मारायची. दोन हाकांना ओ आली नाही, तर कुलूप उघडायचं. आधी कुरकुर झाली, चावी कशी द्यायची म्हणून. गुरुजींनी स्वतःची चावी समोरच्या इस्त्रीवाल्याकडे सगळ्यांदेखत ठेवली, मग बाकीच्यांना बोलायला जागा राहिली नाही. आज आमचं निम्मं काम हेच आहे. दांडी एकदा बसते. चावीची यादी, फोनजवळचं कार्ड, कोण गावाला गेलंय, कोण दवाखान्यात आहे, हे दर महिन्याला बघावं लागतं. त्याचे आम्ही वेगळे पैसे घेतो, आणि घेतलेच पाहिजेत. फुकट दिलेली यादी कुणी नीट ठेवत नाही.

कार्डावर १०८ आणि ११२ मोठ्या अक्षरात लिहितो. खाली १४५६७, ज्येष्ठांची हेल्पलाइन. ती सकाळी ८ ते रात्री ८ चालते, म्हणून रात्री पडलेल्या माणसाने ती फिरवत बसू नये.

व्हॅक्यूमच्या हँडलचं पुढे काय झालं ते सांगायला हवंच. ते गुळगुळीत टाइलवर, सांधा मध्ये न येता, काही काळ धरतं. आपल्या न्हाणीत जिथं तिथं सांधे, क्षार, ओल. ते आपोआप ढिलं होतं, आणि सुटतं ते कुणी जोर दिल्यावरच. मनगटावरचं बटण वाईट नाही, एकट्या माणसाला कामाचं आहे. पण आमच्या आज्या ते अंघोळीला जाताना काढून खुंटीला लावतात, आणि पडतात न्हाणीतच. फलकवाल्यांचं इथलं ऑफिस आता बंद आहे, तक्रारीचा फोन दुसऱ्या शहरात लागतो. आमचा तो पोरगा परत आला नाही. त्याने स्वतःचं दुकान टाकलंय आणि काम, खरं सांगायचं तर, बरं करतो. दांडीवर लोंबकळतोही म्हणे.

शहराच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या तेलुगू वस्तीत, चावीचं काही समजवावं लागलं नाही. बिड्या वळायला बसलेल्या बायकांत एक जागा रिकामी दिसली की कुणीतरी उठून बघायला जातंच. तिथं अडचण पैशांची आणि गुडघ्यांची. जन्मभर मांडी घालून बसलेले गुडघे, खोली एक, न्हाणी म्हणजे पडद्यामागचा कोपरा. २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे एकरकमी ३,००० रुपये ६५ वर्षांवरच्यांच्या खात्यात यायला लागले, तेव्हा बऱ्याच अम्मांनी त्यातून दांडी बसवून घेतली. उरलेल्यांचं हप्त्याने करतो.

आता पुण्या-मुंबईच्या मुलांनो, विचारलं नाहीत तरी ऐका. आईला मसाजची खुर्ची पाठवू नका. सोलापुरात येऊन पाण्याच्या दिवशी मुक्काम करा. पाणी रोज येत नाही, आणि येतं तेही भलत्या वेळी. आई झोपेतून धडपडत उठते, दिवा लावत नाही, पाइप उंबऱ्यावरून आत ओढते, फरशी ओली, घागर हातात. आमच्याकडे आलेली पडझडीची प्रकरणं बघा, पाण्याच्या दिवसाचीच जास्त. आधी टाकी आणि ती भरली की पाणी आपोआप बंद करणारा बॉलकॉक बसवा, बाकी सगळं नंतर. न्हाणीचं दार बाहेर उघडणारं करा; आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारं दार उघडत नाही. आतली कडी काढा. दारातलं पायपुसणं उचला. खाटेवर बसल्यावर पावलं जमिनीला टेकतात का बघा. काठी मनगटाच्या घडीइतकी उंच हवी, आणि तिचा रबरी बूट झिजला की बदला, तो काही फार महाग नसतो.

चाचा आता कामावर येत नाहीत, गुडघे गेले. त्यांच्या घरची दांडी मी बसवली, त्यांनी बोटाने वाजवून मग पास केली.

सध्या बिल्डरांच्या मागे लागलोय. बांधतानाच न्हाणीच्या भिंतीत, दांडीच्या जागी, सिपोरेक्सऐवजी काँक्रीट भरा, खर्च किरकोळ आहे. पहिला म्हणाला, म्हाताऱ्यांचे फ्लॅट वाटतील, गिऱ्हाईक बिचकेल. दुसरा होटगी रोडचा. तळमजल्यापुरतं तयार झालाय. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकली की तिथं काम सुरू.